हाड जुळलं, पण हात वळेना

वाचकांचे प्रश्न : उत्तरं देतात सांगलीतल्या एक फिजिओथेरपिस्ट

गेल्या अंकात प्लास्टर काढल्यानंतरच्या व्यायामांवर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की आखडलेला कोपर घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीच जण आधी हाडवैद्याकडे जाऊन आलेली असतात. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी व्यायामांवर आली नाहीत. काही चिडलेली, काही घाबरलेली, एक तर थेट हाडवैद्याच्या घरातून आलेलं. त्यातली निवडक आज घेते.

माझी बाजू आधीच सांगून टाकते. मी हाड बसवत नाही आणि ऑपरेशनही करत नाही. दोन्हीकडून सुटलेला माणूस शेवटी माझ्या टेबलावर येतो. त्यामुळे कामट्यांनी बिघडलेले हात जसे मी पाहिलेत, तसे प्लास्टरनं बिघडलेलेही पाहिलेत.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. मे महिन्यात आजोळी आंब्यावरून पडला. कोपर सुजला होता. गावातल्या हाडवैद्यांनी ओढून हाड बसवलं, उडदाचं पीठ आणि अंड्याचा लेप लावून कामट्या बांधल्या. महिन्यानं सोडलं. हाड जुळलंय असं ते म्हणतात. पण कोपर पुरता सरळ होत नाही आणि घास घ्यायला हात तोंडापर्यंतही जात नाही. आता ते सांगतात, रोज तेल लावून कोपर रगडा आणि पाण्याची कळशी धरायला लावा, वजनानं सरळ होईल. मुलगा रोज रडतो. करत राहावं का?
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, रगडणं आज बंद. कळशी तर आजच्या आज बंद.

कोपराच्या पुढच्या बाजूला हाडाला अगदी चिकटून एक स्नायू असतो. पडल्यावर त्यातही रक्त साकळतं. अशा स्नायूला चोळलं, जोरानं ताणलं, तर शरीर गोंधळतं आणि मांसातच हाड घालायला लागतं. एक्स-रेत ते कोपरापुढं ढगासारखं दिसतं. एकदा ते घट्ट झालं की कोपर दारात लाकडाची पाचर ठोकल्यासारखा अडतो आणि मग माझ्या हातात फारसं काही राहत नाही. शरीरात दुसऱ्या कुठल्याही सांध्यापेक्षा कोपराला चोळणं जास्त महागात पडतं. मी स्वतः कोपराला तेल लावून मालिश करत नाही, मग दुसऱ्याला कशी करू देईन?

मुलाचा कोपर त्यानं स्वतः हलवायचा. तुम्ही हात लावायचा नाही. कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून खेळू द्या, भिंतीवर चेंडू टाकू द्या, वरच्या फळीवरचा डबा त्यालाच काढायला सांगा, पोळीचा घास त्याच हातानं घेऊ द्या. दुखतंय तिथं थांबायची मुभा त्याला हवी. लहान मुलांचे कोपर काही महिन्यांत आपसूक पुष्कळसे मोकळे होतात. मोठ्यांना जेवढी घाई असते तेवढी त्यांना नसते. शनिवारी किती वाकला आणि पुढच्या शनिवारी किती, एवढंच बघा. वाकवून शर्टाचं वरचं बटण बोटाला लागतं का, ही माझी घरगुती मोजपट्टी.

त्याआधी दोन गोष्टी मात्र करायच्या आहेत. समोरून आणि बाजूनं असे दोन एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि मुलाला समोर उभं करून दोन्ही हात, तळवे पुढं करून, जमतील तेवढे सरळ सोडायला सांगा. मोडलेला हात कोपरापासून आत, अंगाकडे वळलेला दिसतोय का? दिसला तर हाड वाकडं जुळलंय. त्यानं काम अडत नाही सहसा, पण ते वाढीबरोबर आपोआप सरळही होत नाही. ते पुढं कधी आणि कसं दुरुस्त करायचं, हे डॉक्टर सांगतील.

आता जे लिहिते ते नीट करून बघा. मुलाचं मनगट हळूच वर उचला, म्हणजे हाताचा पंजा मागं जाईल असं. बोटं आपोआप तळव्यात मिटतात का आणि उघडायला गेलं तर आखडतात का? मग मनगट खाली सोडा. आता बोटं सैल पडून उघडतात का? असं होत असेल तर एक आठवडाही थांबू नका. हाताच्या सर्जनला दाखवा. याचा अर्थ कोपर ते मनगट या भागातल्या स्नायूंचं रक्त बांधलेल्या दिवसांत अडलं होतं आणि ते स्नायू आखूड झालेत. १८८१ साली रिचर्ड फॉन फोल्कमन या जर्मन सर्जननं हे वर्णन करून ठेवलं, म्हणून ते त्याच्या नावानं ओळखलं जातं. घट्ट बांधलेल्या पट्टीकडेच त्यानंही बोट दाखवलं होतं.

सगळ्याच वाचकांसाठी इथं जरा थांबते, कारण हे पहिल्या दोन दिवसांतलं काम आहे आणि तेव्हा कुणाला अंक उघडून बघायला वेळ नसतो. कोपराच्या जरा वर हाड मोडणं हा पाच ते सात वर्षांच्या मुलांचा नेहमीचा अपघात. सूज आतून वाढते, बाहेरून पट्टी तसूभरही सरकत नाही, आणि मधल्या मध्ये रक्ताची वाट दाबली जाते. पोर बेसुमार रडतं. औषधानं थांबत नाही. बोटाचं नख दाबून सोडलं तर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं, ते पांढरं राहतं. सगळ्यात खरी खूण म्हणजे तुम्ही त्याचं बोट हलकेच सरळ केलंत तर ते किंचाळतं. मनगटावर नाडी लागतेय म्हणून गाफील राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. अशा वेळी पट्टी, कामट्या, आतला कापूस, सगळं कातरीनं उभं कापून मोकळं करायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. रक्त तुटल्यावर स्नायू साधारण सहा तासांत मरायला लागतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही.

हे प्लास्टरलाही तितकंच लागू आहे. जत भागातला एक मुलगा माझ्याकडे येत होता. त्याचं प्लास्टर एका दवाखान्यात झालेलं. रात्रभर रडला म्हणून आईनं फोन केला तर ‘दुखणारच, गोळी द्या’ असं उत्तर मिळालं. त्याची बोटं आज पेन्सिल धरतात, पण मूठ उघडून टाळी देता येत नाही. तिथं कुणी अंगठाछाप हाडवैद्य नव्हता.

प्रश्न : मॅडम, तुमचं लिखाण एकतर्फी वाटलं. मी एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. मोटारसायकल घसरून माझं कॉलरबोन मोडलं. शहरातल्या डॉक्टरांनी प्लेट टाकायला सांगितली. खर्चाचा आकडा ऐकून मी तसाच उठलो. आमच्याकडच्या हाडवैद्यांनी पट्टा बांधला, हात झोळीत घातला, घेतलं काय तर नारळ आणि मी दिलं ते. आज मी शेतात खोरं मारतो. याला तुम्ही काय म्हणाल? आणि हे शास्त्र आपल्या ऋषींचं आहे, ते का नाकारता?
— एक वाचक, माण तालुका

उत्तर : याला मी छान झालं म्हणेन, काका. खोटं कशाला बोलू?

कॉलरबोन हे फार समजूतदार हाड आहे. हात झोळीत ठेवला आणि तीन आठवडे, मोठ्या माणसाला सहा आठवडे, उगाच हलवलं नाही तर बहुतेक वेळा ते जुळतं. अस्थिरोगतज्ज्ञही कित्येकदा एवढंच करतात. तुकडे एकमेकांवर फार चढले, हाडाचे दोन-तीन खंड झाले किंवा टोक आतून कातडीला टोचायला लागलं, की प्लेटचा विचार होतो. तुमचं कुठल्या प्रकारचं होतं ते एक्स-रे न बघता मी इथून सांगू शकत नाही. मोडलेल्या जागी बोट फिरवून बघा, गाठ लागेल. ती राहणार, तिनं काही बिघडत नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. हाड जुळवतं ते शरीर. मोडल्या जागी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत त्याचा मऊ सांधा होतो, मग त्यात चुना भरत जातो. हाताला साधारण दीड महिना, पायाला तीन महिने. बांधणाऱ्यानं, मग तो हाडवैद्य असो की सर्जन, दोनच गोष्टी करायच्या असतात: हाड सरळ धरायचं आणि रक्त अडवायचं नाही. बरगडी मोडली तर तेवढंही करावं लागत नाही. लहान मुलाचा हात मनगटाजवळ थोडा वाकडा जुळला तर वाढीबरोबर तो सरळ होतो. आणि हाडवैद्याकडे ‘हाड मोडलं’ म्हणून येणाऱ्यांत कितीतरी जणांचा पाय नुसता मुरगळलेला असतो. हे सगळे बरे होतात. श्रेय त्या वेळी ज्याचा हात तिथं असेल त्याला जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तशातला प्रकार.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती माझ्याविरुद्ध जाते. ज्यांचं बिघडलं ते हाडवैद्याकडे परत जात नाहीत, माझ्याकडे येतात. म्हणून त्याला वाटतं आपलं कधी चुकत नाही. तुमच्यासारखे ज्यांचं उत्तम झालं ते माझ्याकडे कशाला येतील? म्हणून मला वाटतं सगळ्यांचं बिघडतं. दोघांनाही अर्धंच दिसतं. एक्स-रे पुढं ठेवून बोललं तरच उरलेलं अर्धं दिसतं.

तुमच्या पत्रातली ‘आकडा ऐकून तसाच उठलो’ ही ओळ मला जास्त लागली. हाडवैद्य पेशंटला ओसरीवर बसवतो, चहा विचारतो, दुखऱ्या जागेवरून अर्धा तास बोटं फिरवतो, गाव कुठलं विचारतो. आमच्याकडे फिल्म दिव्यावर लावली जाते, दोन वाक्यं बोलली जातात आणि कागद काउंटरवर सरकतो. प्लेट का टाकायची, नाही टाकली तर काय होईल, हे तुम्हाला कुणी बसवून सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित तरीही झोळीच घेतली असती, पण उठून गेला नसतात. या बाबतीत आमच्या लोकांनी हाडवैद्याची शिकवणी लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिले ऋषी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांवरच आहे. आयुर्वेदाच्या एका मैत्रिणीनं तो मला समोर बसवून वाचून दाखवला. मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड, अर्जुन यांच्या साली आणि वेळू यांच्या कामट्या करायला त्यात सांगितलंय. आणि पुढं काय लिहिलंय? पट्टी सैल झाली तर सांधा स्थिर राहत नाही. फार घट्ट झाली तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. म्हणून जाणकार मध्यम बांधणं चांगलं मानतात. थंडीत सातव्या दिवशी, मध्यम ऋतूत पाचव्या आणि उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून बांधायची. हाड स्थिर व्हायला तरुणाला एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन. आता तुमच्या वैद्यांना विचारा, ऐन वैशाखात बांधलेली पट्टी एकवीस दिवस उघडायची नाही, हे कुठल्या ऋषींनी सांगितलं? शास्त्र मी नाकारत नाही. ते पाळणारा हाडवैद्य मला क्वचित भेटतो, ही माझी तक्रार आहे.

प्रश्न : हाड लवकर जुळायला पायाचं सूप, कांडवेल, आंबेहळदीचा लेप यांतलं काय घ्यावं? आमच्या सासूबाई पायाळू माणसाचा पाय लावायला सांगतात.
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : पायाचं सूप चवीला घ्या. हाडातला चुना उकळून पाण्यात उतरत नाही. त्यापेक्षा नाचणीची भाकरी बरी, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दूध, तीळ, डाळी, अंडी आणि सकाळी उघड्या अंगावर ऊन. कांडवेल जुनं औषध आहे, पण कच्ची खाल्ली तर घसा खवखवतो. वैद्यांच्या सल्ल्यानं घ्यायची असेल तर चालू औषधांची यादी त्यांना दाखवा. आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप मुरगळीवर, कातडी फुटलेली नसेल तर, खुशाल लावा. सुजेला बरं वाटतं. मोडलेल्या हाडापर्यंत तो पोचत नाही.

पायाळू माणूस उसण भरलेल्या पाठीवर पाय लावतो, मोडलेल्या हाडावर नाही. सासूबाईंना एवढं सांगा, त्यांना पटेल.

आणि तुम्ही न विचारलेलं सांगते. घरात कुणी मिश्री लावत असेल, तंबाखू खात असेल, विडी ओढत असेल तर ती हाड जुळेपर्यंत तरी बंद. तंबाखूनं हाडाकडे जाणारं रक्त कमी होतं, जुळणं लांबतं, कधी जुळतच नाही. हजार रुपयांच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि वर सकाळ-संध्याकाळ मिश्री, हे आपल्या भागातल्या बायकांत मी रोज बघते.

प्रश्न : सासूबाई शहात्तर वर्षांच्या. न्हाणीघरात घसरून पडल्या, उठता येईना. पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी खुब्याचं हाड मोडल्याचं सांगितलं आणि ऑपरेशन सुचवलं. भावकी म्हणते, या वयात कापाकापी कशाला, हाडवैद्याला घरी आणू, तीन महिने झोपवून ठेवलं की जुळेल. त्यांनी मांडीला कामट्या बांधल्यात. दोन आठवडे होत आले. आता त्या जेवत नाहीत आणि रात्री असंबद्ध बोलतात.
— एक सून, वाळवा तालुका

उत्तर : पत्र हाती पडल्याबरोबर संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन मी तुमच्याशी बोलले आहे. पण हाच प्रश्न असलेली घरं बरीच आहेत, म्हणून इथंही लिहिते.

मांडीला बांधलेल्या कामट्या खुब्याला धरूच शकत नाहीत. मोड त्यांच्या वर, पार जांघेत आहे. कुंपण शेताला घातलं आणि गुरं विहिरीच्या बाजूनं शिरली, असला प्रकार. शिवाय खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या हाडाच्या मानेवरूनच वर जातात. मान मोडून सरकली की त्याही तुटतात. मग तीन महिने काय, वर्षभर झोपवलं तरी ते हाड जुळेलच असं नाही.

खरी भीती हाडाची नाहीच. शहात्तर वर्षांचं माणूस खाटेवर उताणं पडून राहिलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, कमरेला जखमा पडतात, पायात रक्ताच्या गाठी होतात, लघवीला जंतुसंसर्ग होतो. असंबद्ध बोलणं हे ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नका. पाणी कमी पडलंय, संसर्ग झालाय किंवा दुखणं सहन होत नाही, यातलं काहीतरी असतं. म्हणून ऑपरेशन शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत करायचं असतं. ते करायचं कशासाठी, तर दुसऱ्या दिवशी म्हातारीला खाटेच्या कडेला बसवता यावं आणि वॉकर धरून उभं करता यावं. ‘या वयात ऑपरेशन कशाला’ असं भावकी म्हणते, तेव्हा मी उलट विचारते, या वयात तीन महिने खाट कशाला?

दोन आठवडे गेले म्हणून सगळं संपलं असं नाही. अशा वयात सरकलेल्या मोडीला बहुतेक वेळा गोळाच बदलतात आणि तो उशिरानंही बदलता येतो. फक्त आधी छाती, लघवी, रक्त तपासून तब्येत जाग्यावर आणावी लागते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगा.

पैशाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जा आणि दवाखान्यात शिरल्या शिरल्या आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल कुठं आहे ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, ते भरती होण्याआधी आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्या. सांगली आणि मिरजेची सरकारी रुग्णालयं तुम्हाला लांब नाहीत. नेताना जीपच्या मागच्या सीटवर दुमडून नेऊ नका, १०८ ला फोन करा. दोन्ही पायांच्या मध्ये उशी घाला आणि चांगल्या पायाला दुखरा पाय बांधून न्या. कामट्यांची यापेक्षा जास्त गरज नाही.

घरी आल्यावर काय, ते सावकाश लिहीन. एक मात्र आजच करून ठेवा: न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी, आणि शेवाळलेली फरशी ब्लीचिंग पावडरनं घासून घ्या. एकदा पडलेलं माणूस तिथंच पुन्हा पडतं.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा, कऱ्हाडजवळच्या तालमीत मेहनत करतो. उजवा खांदा तीन वेळा निखळला. वस्ताद काखेत पाय देऊन हात ओढून बसवतात, लगेच बसतो. मॅटवर जायची भीती वाटते. घरी सांगितलं नाही.
— एक पैलवान

उत्तर : वस्तादांनी काखेत पाय द्यायची जी पद्धत वापरली ती ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावानं ओळखली जाते. तेव्हा त्यांना अडाणी म्हणायचं माझं धाडस नाही. निखळलेले खांदे त्यांनी नव्या डॉक्टरांपेक्षा जास्त पाहिले असतील. पण खांद्याबरोबर दंडाच्या हाडाचा तुकडा उडालेला असेल तर तीच ओढ हाड दोन जागी करते. आणि दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला, जिथं शर्टाची शिलाई येते तिथं, कातडी बधिर झाली असेल तर नस ताणलेली असते. हे बघितल्याशिवाय ओढायचं नाही. एक्स-रे आधी.

विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळतोच, असं धरून चालावं. सांध्याच्या वाटीची कड फाटते, प्रत्येक वेळी थोडी जास्त. तीनदा झालंय म्हणजे एमआरआय करून दुर्बिणीनं ती कड शिवायची का, हे विचारायची वेळ आली. शिवली तर कुस्तीला साधारण सहा महिने सुट्टी, आणि त्या सहा महिन्यांत माझ्यासारख्या कुणाची तरी कटकट. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरच्या शेजारची तालीम तुझी. भीती वाटते हे वस्तादांना सांगायला लाजू नकोस. घरी मात्र या आठवड्यातच सांग. एमआरआयचा खर्च तालमीच्या पेटीतून निघणार नाही.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्यांपासून हाडं बसवतात. आजोबांचा हात पंचक्रोशीत प्रसिद्ध. ते आता थकले. मी बारावी शास्त्र केलंय. लोक अजून दारात येतात, आमावस्या-पौर्णिमेला तर रांग लागते. वडील म्हणतात तू बस. तुमचा लेख वाचून प्रश्न पडला. बसू का?
— एक तरुण, शिराळा तालुका

उत्तर : सगळ्या पत्रांत मला हे सगळ्यात आवडलं, आणि उत्तर द्यायला सगळ्यात अवघड गेलं.

कायद्याचं आधी. महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ प्रमाणे नोंदणी नसताना वैद्यकी करणं गुन्हा आहे. आजोबांच्या काळी कुणी विचारलं नाही. तुला विचारतील, आणि एखाद्या पोराची बोटं काळी पडली तर आज नारळ देणारं गाव उद्या पोलीस ठाण्यात उभं राहील.

आता एक गोष्ट ऐक, खरी आहे. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये थॉमस नावाचं हाडवैद्यांचं घराणं होतं, पिढ्यान् पिढ्या हाच धंदा. त्यातल्या इव्हान थॉमसनं लिव्हरपूलला बस्तान बसवलं. डॉक्टर लोकांनी त्याला छळलं, कोर्टात खेचलं. त्यानं काय केलं? आपली पाचही पोरं वैद्यकीय शिक्षणाला घातली. त्यातला थोरला ह्यू ओवेन थॉमस. बापाच्या हातातली समज आणि कॉलेजातलं शास्त्र, दोन्ही त्याच्याकडे होतं. मोडलेल्या पायासाठी त्यानं लोखंडी कड्याचा एक सांगाडा बनवला. पुढं त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स यानं पहिल्या महायुद्धात तोच सांगाडा वापरायला लावला आणि मांडीचं हाड मोडलेल्या कितीतरी सैनिकांचे जीव वाचले. आजही आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या वॉर्डात ‘थॉमस स्प्लिंट आणा’ असं ओरडतात, ते एका हाडवैद्याच्या पोराचं नाव.

तुझ्याकडे बारावी शास्त्र आहे. मार्क किती ते तू लिहिलं नाहीस. बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाची, नर्सिंग, एक्स-रे टेक्निशियन, प्लास्टर टेक्निशियन, यातलं काय झेपेल ते मार्क आणि घरची ऐपत बघून ठरवता येईल. मला वेगळं पत्र लिही.

तोवर दारात येणाऱ्यांचं काय करायचं? हाकलू नकोस, त्यांना दुसरीकडे जायची वाट माहीत नाही. बसव, पाणी दे. मोडलेला हात आहे त्या स्थितीत कामटीवर कापूस घालून सैल बांध, गळ्यात अडकव. ओढायचं नाही, चोळायचं नाही, तेल नाही. बोटांचं नख दाबून बघ. हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल तर त्यावर स्वच्छ ओलं फडकं टाक, शेण-माती-हळद काही भरू नकोस आणि १०८ बोलाव. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जखम धुणं जितकं लवकर तितकं बरं. मग चिठ्ठीवर वेळ लिही, किती वाजता पडला, किती वाजता बांधलं, आणि एक्स-रेला पाठव. आजोबांच्या शब्दावर लोक एक्स-रेला जातील. माझ्या शब्दावर जात नाहीत.

आजोबा फिरू शकत असतील तर त्यांना घेऊन एखाद्या बुधवारी सांगलीला ये. त्यांनी नुसत्या बोटांनी हाड मोडलंय की मुरगळलंय हे कसं ओळखायचं, ते मला शिकायचंय. एक्स-रे बघून पडताळा घेऊ.

पुढच्या अंकात गुडघेदुखी. पत्रात वय, मधुमेह आहे की नाही आणि तंबाखू-मिश्री किती, हे न लाजता लिहा.